एकट्याने व्यायाम करणाऱ्याला पूर्ण पॉवर केज हवी की नुसते स्क्वॉट स्टँड?

पडवीकर:
गाव देवगड तालुक्यात, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गावात जिम नाही, तालुक्याला जाऊन-येऊन दीड तास जातो. म्हणून मागच्या पडवीला लागून असलेली खोली रिकामी केली. तिथे आंब्याच्या पेट्या असत, त्यामुळे आईचा राग अजून उतरलेला नाही. खोली ११ बाय १० फूट, खाली कोबा, वर कौलं. माळ्याची तुळई जमिनीपासून ७ फूट ४ इंचांवर.

माझं मत: एकटा वजनं उचलणाऱ्याने चार खांबांची केजच घ्यावी, म्हणजे आत उभं राहून उचलायचा लोखंडी पिंजरा, हातून सुटलेला बार आडव्या दांड्यांवर अडतो. बारखाली अडकलो तर हाक मारायला घरात आईच. ती काही ८० किलो उचलणार नाही, वर पेट्यांचा विषय काढेल. नुसते दोन स्टँड घेणारे पैसे वाचवतात, पण मान पणाला लावतात. पटत नसेल त्यांनी भांडावं.

खाजणातला:
भांडतो. स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठाबशा काढताना, उठता आलं नाही तर बार पाठीवरून मागे सोडून पुढे सटकता येतं, आठवडाभर हलक्या वजनावर सराव केला की जमतं. माणूस खरा अडकतो तो बेंचवर, उताणं पडून बार वर ढकलताना. बार छातीवर, टोकाच्या क्लिपा घट्ट, म्हणजे एका बाजूला कलवून प्लेटा पाडायचीही सोय नाही. एकट्याने बेंच मारताना क्लिपा लावू नयेत असं म्हणतात ते यासाठीच. बेंचला सेफ्टी हवी हे कबूल, पण तेवढ्यासाठी जाड खांबांच्या स्टँडला पुढे आलेले दोन स्पॉटर आर्म, म्हणजे पडणारा बार झेलणारे हात, पुरतात. अख्खा पिंजरा कशाला?

शिवाय बाजारातली केज साधारण ७ फुटांची. वरच्या दांड्यावर पुल-अप मारलात तर हनुवटी दांड्यावर यायच्या आत टाळू तुळईवर.

पडवीकर:
बार मागे सोडायचा सल्ला रबरी बंपर प्लेटा आणि रबरी फरशी असलेल्यांसाठी. माझ्याकडे लोखंडी प्लेटा, खाली आजोबांच्या वेळचा कोबा. पहिल्याच दिवशी खड्डा. आणि पूर्ण मापाची प्लेट ४५० मिमी व्यासाची असते, माझ्या १० किलोवाल्या त्याहून बऱ्याच लहान, म्हणजे बार आणखी खालपर्यंत येणार. पायाची टाच मध्ये आली तर?

सोलकढी:
तुमी दोघांय उंची-रुंदीर भांडतास, गंजाचा कोणच बोलणा नाय.

(पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) माझी केज पावडर कोटिंगची, दोन पावसाळे पाहिलेली. बाहेरून अजून नव्यासारखी काळीभोर. गेल्या ऑगस्टमध्ये सेफ्टी पिन (बार झेलणारा, खांबांच्या भोकांत घालायचा आडवा दांडा) एक भोक खाली घ्यायला गेलो तर हलेना. तेल सोडलं, पिळून पाहिली, शेवटी बायकोचा वरवंटा आणून ठोकली. पिन सुटली आणि तिच्या मागोमाग पाइपच्या आतून मूठभर तपकिरी खपल्या लादीवर पडल्या. रंग बाहेरून असतो, आत कोण लावतं? दर दोन इंचांवर भोक, प्रत्येक भोकातून खारी हवा आत. खालच्या टोकाला ओल साचते, तिला बाहेर पडायला वाट नाही. शिवाय बार ठेवायचे हूक पहिल्याच महिन्यात रंग खरवडतात, तिथून बाहेरूनही सुरुवात.

म्हणून मी खाजणातल्याच्या बाजूचा, पण कारण वेगळं. चार खांब म्हणजे दुप्पट पाइप, दुप्पट भोकं.

गेटसमोर_उभा:
यावर कुणीतरी म्हणणारच की नाक्यावरच्या गेटवाल्याकडून जस्ती पाइपची बनवून घ्या. मी घेतली. त्याचं वेल्डिंग उत्तम, पण त्याने आयुष्यात बार पाहिलेला नव्हता. ऑलिंपिक बारच्या दोन आतल्या कॉलरांमधलं अंतर १३१० मिमी, म्हणजे जेमतेम ४ फूट साडेतीन इंच. खांब त्याच्या आत बसायला हवेत. त्याने बाहेरून बाहेर साडेचार फूट धरलं. "मोकळं बरं, कोपर लागणार नाही." बार ठेवला तर हुकांवर प्लेटा घालायचा जाड भाग येऊन बसला. प्लेट घालायला जागाच नाही. आता त्या केजवर पावसाळ्यात गोधड्या वाळतात.

जस्ताचंही ऐका. जस्ती पाइप कापून वेल्ड केला की नेमक्या जोडावरचं जस्त जळून जातं. तो धूर छातीत गेला तर वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो ते निराळंच. आधी सगळी भोकं आणि वेल्डिंग, मग वितळलेल्या जस्तात बुडवणं, हाच क्रम. बुडवलं की आतूनही लागतं.

पडवीकर:
तशी बुडवणी आमच्या जवळपास होत नाही. घाटावर ने-आण करण्यात केजची किंमत जाईल. पण सोलकढीच्या खपल्यांनी झोप उडवली हे खरं.

भोकं कमी करावीत म्हटलं तर बेंचला उलट जास्त लागतात. पाठीची कमान केली की बार छातीला टेकला पाहिजे आणि पाठ सपाट केली की पिनवर बसला पाहिजे. हा फरक इंच-दोन इंचांचा. दोन इंचांवर भोकं असतील तर पिन एक तर छातीच्या वर, नाही तर इतकी खाली की काही उपयोग नाही.

खाजणातला:
मग बेंचच्या पट्ट्यातच इंचाइंचावर पाडा, बाकी खांब कोरा ठेवा. आणि बार खोलीच्या ११ फुटी बाजूला समांतर ठेवा. बार २२०० मिमीचा, म्हणजे दोन्हीकडे दोन फुटांना थोडं कमी उरतं. १० फुटी बाजूला ठेवलात तर भिंतीला पाठ घासत प्लेटा चढवाल. केज जमिनीला बोल्टने ठोकायचं मनात असेल तर तेही काढून टाका. जुन्या कोब्याखाली भराव असतो, बोल्ट चार दिवसांत हलायला लागतील. मागच्या खुंट्यांवर प्लेटा टांगा, तेच वजन. मत मात्र बदललेलं नाही: स्टँड आणि आर्म घेतले असते तर एवढा हिशोबच नसता.

पडवीकर:
काल दोन बांबू उभे करून, आडवी काठी बांधून मोजून पाहिलं. माझी उंची साडेपाच फूट. काठी डोक्यावर पूर्ण नेली की ती ७ फुटांच्या जरा खाली, वर पूर्ण मापाच्या प्लेटची अर्धी गोलाई ९ इंच. तुळई गेली. म्हणजे ओव्हरहेड प्रेस खळ्यात, पावसाळ्यात बसून.

पण केजच घेतोय. साडेसहा फुटी, चार खांब, ३ मिमी जाडीचा पाइप, पुल-अपचा नाद सोडला. बाहेरून बाहेर चार फूट, मिलिमीटरमध्ये कागदावर काढून गेटवाल्याच्या हातात देणार आणि जुळणी करताना बार घेऊन तिथेच बसणार. भोकं खाजणातला म्हणतो तशी. वरची तोंडं बंद, खाली पाणी निघायला एकेक भोक. रंग मात्र गेटवाल्याचा नको. बंदरावर होड्यांना एपॉक्सी मारणारा एक जण आहे, तो पाइप तिरका धरून आतही ओततो म्हणाला. आई म्हणते, त्यालाच पेट्यांसाठी माचाही करायला सांग.

सोलकढी:
जून लागलो की पिना भायर काढून तेल लावून ठेव. अडकल्यो तर माझ्याकडे वरवंटो मागूक येव नको, बायकोन लपवून ठेवल्यान हा.