ओ गटाच्या प्रत्येक नव्या डोनरला अँटी-एच लेक्टिन लावायलाच पाहिजे

लालपेशी:
माझं मत सरळ आहे, ओ निघालेला प्रत्येक नवा डोनर एकदा तरी अँटी-एच लेक्टिनने तपासा. युलेक्स युरोपिअस या काटेरी झुडपाच्या बियांतलं हे लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रोटीन) लाल पेशीवरच्या एच अँटिजेन या खुणेतली फ्युकोज साखर धरतं, ओ पेशींवर एच सगळ्यात जास्त म्हणून त्या झटकन एकमेकींना चिकटतात, बॉम्बे या दुर्मिळ रक्तगटात एच बनतच नाही म्हणून पेशी सुट्ट्याच राहतात. नुसतं अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणाऱ्या अँटिबॉडी) लावलं तर ओ आणि बॉम्बे दोघंही निगेटिव्ह, बॉम्बेवाला ओ म्हणून खपून जातो. 1952 मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा गट जगासमोर आणला आणि तरी आपण तो सापडणं नशिबावर सोडतो, हे मला पटत नाही.

सीरमसाक्षी:
अजिबात सहमत नाही. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये, म्हणजे माणसाच्या सीरमला माहीत गटाच्या पेशी लावून बघताना, ए, बी सोबत ओ सेल्स ठेवल्या की बॉम्बेवाल्याच्या सीरममधला अँटी-एच (एचविरुद्धची अँटिबॉडी) त्यांनाही चिकटवतो, माणूस तिथेच पकडला जातो, लेक्टिन फक्त कन्फर्म करायला. आणि धोका डोनरकडून नाहीच. बॉम्बेच्या लाल पेशी ओ पेशंटला गेल्या तरी त्यांच्यावर एच नाही, अँटिबॉडीला धरायला काही नाही. उलटं झालं, बॉम्बे पेशंटला ओ रक्त गेलं, तर अँटी-एच शरीराच्या तापमानालाही काम करतो, पेशी फुटतात. म्हणजे जपायचं पेशंटला, तिथे क्रॉसमॅच (रक्त देण्याआधी पेशंटचं सीरम आणि डोनरच्या पेशी जुळतात का ते बघणं) आहेच.

लालपेशी:
क्रॉसमॅच काय सांगणार, एकही ओ पिशवी जुळत नाही एवढंच! त्या घडीला बॉम्बे रक्त आणायचं कुठून? आधी शोधून ठेवलेला डोनर असेल तरच ना. तो ओ म्हणून नोंदला गेला तर त्याची पिशवी अशा पेशंटला जाते ज्याला दुसरी कुठलीही ओ चालली असती. एक सापडला की सख्खी भावंडंही तपासता येतात, प्रत्येकाला साधारण 25 टक्के शक्यता.

नवा_वाचक:
लेक्टिन बीन्समध्येही असतं ना, मग या गटाच्या लोकांनी बीन्स खाऊ नयेत का?

लालपेशी:
तसं काही नाही. इथे लेक्टिन ट्यूबमध्ये थेट पेशींवर टाकतात, आणि बीन्स नीट शिजल्या की त्यातलं लेक्टिन बहुतेक निकामी होतं.

बेंचवरून:
दोघांनाही एक सांगते, लेक्टिनवर आंधळा विश्वास नको. ए1 आणि ए1बी पेशींवर (ए1, ए2 हे ए गटाचे उपप्रकार) एच मुळातच कमी, नवजात बाळात अजून कमी, त्यामुळे तिथे रिअ‍ॅक्शन मंद येते. पॅरा-बॉम्बे या बॉम्बेच्या जवळच्या प्रकारातही पेशी निगेटिव्ह येऊ शकतात, पण माणूस सिक्रेटर (लाळेसारख्या स्रावात एच सोडणारा) असेल तर लाळेत एच सापडतो. डायल्यूशनही (किती पातळ करायचं ते) सांभाळावं लागतं, डॉलिकस बायफ्लोरस या दुसऱ्या वनस्पतीचं लेक्टिन नीट पातळ केलं तरच ए1 वेगळा ओळखतं, दाट ठेवलं तर ए2 लाही धरतं. पण लहान बाळात रिव्हर्स ग्रुपिंग चालतच नाही, अँटिबॉडी बनायला काही महिने लागतात, तिथे तुमच्या ओ सेल्स काय करणार?

सीरमसाक्षी:
बाळांचं मान्य, पण बाळ डोनर नसतं. डोनरच्या रिव्हर्समध्ये ओ सेल्स सक्तीच्या करा, त्या चिकटल्या तरच लेक्टिन लावा.

लालपेशी:
सक्ती खरंच पाळली गेली तर माझा हट्ट नाही. पण जिथे आज नुसत्या ए आणि बी सेल्सवर काम भागवतात तिथे आधी लेक्टिन सुरू करा.