ओबामांचं पहिलं वर्ष: आक्षेप कामावरच होता

२००९ साली ओबामांवर शंका घेणारे रिपब्लिकन निव्वळ आकसापोटी बोलत होते, असं म्हटलं जातं, ते पटत नाही. प्रचारात वचन होतं की विधेयक सहीआधी पाच दिवस लोकांसमोर ठेवू. समान वेतनाविषयीचा लिली लेडबेटर कायदा २७ जानेवारीला मंजूर झाला, २९ला सही. मंदीतून सावरण्यासाठीच्या ७८७ अब्ज डॉलरच्या सरकारी पॅकेजचा हजारावर पानांचा अंतिम मसुदा १२ फेब्रुवारीच्या रात्री हाती आला आणि १३ला मतदान! एवढं कोण वाचणार? प्रतिनिधीगृहात एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही, त्यामागे हेही कारण होतं.

ओबामांच्याच अर्थतज्ज्ञांचा अंदाज होता की पॅकेजमुळे बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल. ऑक्टोबरात ती १० टक्क्यांवर गेली. (मंदी अंदाजापेक्षा खोल होती हे मान्य.) त्याच महिन्यात ओबामांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. नामांकनाची मुदत १ फेब्रुवारी, म्हणजे तेव्हा शपथेला जेमतेम बारा दिवस झाले होते.

क्युबातला ग्वांतानामो हा अमेरिकी लष्करी तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश २२ जानेवारीचा. मे महिन्यात सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी त्याचा निधी अडवला, कारण कैदी ठेवायचे कुठे हे ठरलेलंच नव्हतं. सहीचे फोटो झळकले, त्याच दिवशी पत्रकारांनी हा प्रश्न लावून धरायला हवा होता.