रात्रपाळीच्या वहीत ‘शांत झोप’ एवढेच असते. मदतनीसांकडून उपयोगी नोंदी कशा लिहून घ्याव्यात?

बार्देशची देखरेखकर्ती

नमस्कार. बार्देश तालुक्यातील एका लहान वृद्धनिवासात मी देखरेखीचे काम पाहते. आमच्याकडे बावीस ज्येष्ठ राहतात आणि त्यांतील नऊजण पूर्णपणे अंथरुणावर आहेत. दिवसा एक परिचारिका असते. रात्री मात्र दोन मदतनीसच असतात आणि गरज पडल्यास त्यांनी परिचारिकेला फोन करायचा, अशी व्यवस्था आहे. या मदतनीस मुली सत्तरी, पेडणे, दोडामार्ग या भागांतून आलेल्या आहेत. काहींनी जनरल ड्युटी असिस्टंटचा अभ्यासक्रम केला आहे, तर काही कामावरच शिकल्या. सेवेत कोणीही कमी पडत नाही, पण वही समोर आली की त्यांचा हात अडतो.

गेल्या महिन्यात एका आजींना आंघोळ घालताना माकडहाडावर कातडी सोललेली आढळली. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले: लाली कधीपासून होती, रात्री कूस किती वेळा बदलली गेली आणि आजी दिवसभरात पाणी किती पीत होत्या. वहीत सलग तीन रात्री ‘शांत झोप. त्रास नाही.’ एवढेच लिहिलेले होते. मुलींना विचारले तेव्हा कळले की कूस बदलली गेली होती, लालीही दुसऱ्याच रात्री एकीच्या लक्षात आली होती. सकाळी सांगू असे तिने ठरवले आणि सकाळी बस गाठण्याच्या घाईत ते राहून गेले. म्हणजे काम झाले होते, दिसायचे तेही दिसले होते, फक्त ते पुढच्या माणसापर्यंत पोहोचले नाही.

वहीत नेमके काय आणि कोणत्या शब्दांत लिहायला सांगावे? आमचे बहुतेक ज्येष्ठ कोंकणीत बोलतात, मुली मराठीत लिहितात आणि डॉक्टरांना सवय इंग्रजी कागदांची, तेव्हा भाषेचे काय करावे? शिवाय आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. वहीऐवजी त्यावरच सगळे कळवले तर चालेल का, असे मुली विचारतात.

फोंड्याची निवृत्त परिचारिका

ताई, ‘शांत’, ‘बरी’, ‘ठीक’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द वहीतून आधी हद्दपार करा. हे निष्कर्ष आहेत, आणि निष्कर्ष काढण्याचे काम मदतनीसाकडे नाही. तिने डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, हाताला लागलेले, मोजलेले आणि स्वतः केलेले लिहावे, सोबत वेळ आणि सही. ‘शांत झोप’ याचा अर्थ गाढ झोप, औषधाची गुंगी किंवा हाक मारूनही प्रतिसाद नाही, असा कोणताही होऊ शकतो. ‘एक वाजता व तीन वाजता जागे केले, नाव घेतल्यावर डोळे उघडले, दोन घोट पाणी प्यायल्या’ या नोंदीचा अर्थ मात्र एकच निघतो.

हाच नियम पडण्याच्या घटनेला लावून पाहा. आजोबा पलंगाशेजारी जमिनीवर सापडले आणि पडताना कोणी पाहिले नाही, तर ‘पडले’ असे लिहू नये. ‘०४:४० वाजता पलंगाच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसलेले आढळले, कठडा खाली होता, स्वतः म्हणाले की लघवीला उठलो होतो’ असे लिहावे. रात्रीच्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे असाव्यात आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदलावी. नाहीतर ‘साडेबारा’ कोणत्या दिवशीचे यावर सकाळी वाद होतो.

चिडचिडीच्या नोंदींकडे विशेष लक्ष द्या, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तो ते अंगाने सांगतो. आमच्याकडे एका वहीत कित्येक दिवस ‘आंघोळीला त्रास देते, ऐकत नाही’ असे येत होते. एका नव्या मुलीने तेच असे लिहिले: ‘उजवा हात धरून उठवताना ओरडल्या, हात झटकला, डावा हात धरल्यावर उठल्या.’ त्याच दिवशी डॉक्टरांनी खांदा तपासला आणि दुखणे तिथेच निघाले. आधीच्या मुलींनीही तेच पाहिले होते, पण त्यांनी आजींचा स्वभाव लिहिला होता.

भाषेबाबत माझे मत ठाम आहे. ज्येष्ठ जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणात लिहावे, भाषांतर करू नये. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. आपण सगळेच या दोन भाषांमध्ये सहज ये-जा करतो, आणि इतक्या जवळच्या भाषा असल्या की घोटाळा कुठे झाला ते चटकन कळत नाही. एक आजी म्हणाल्या, ‘म्हाका थंडी जाल्या.’ बेळगावकडून नुकत्याच आलेल्या मुलीने लिहिले, ‘थंडी वाजते.’ फोनवर ते ऐकून परिचारिकेने मलेरियासाठी रक्त तपासायला सांगितले. आजींना फक्त सर्दी झाली होती. त्यांना हुडहुडी भरली असती तर त्या ‘शीं दिसता’ म्हणाल्या असत्या. डॉक्टरांसाठी इंग्रजी सारांश परिचारिकेने करावा. मदतनीसाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहायला लावले की ती तिला येणाऱ्या चार शब्दांपुरतेच लिहिते.

आकड्यांचा गोंधळ तर त्याहून वाईट. देवनागरी ‘४’ घाईत लिहिला की इंग्रजी आठासारखा दिसतो आणि ‘१’ इंग्रजी नवासारखा. संपूर्ण निवासात आकड्यांची एकच लिपी ठेवा, मग ती कोणतीही असो. फोनवर ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत कानाची फसगत होतेच, आणि ऑक्सिजनच्या बाबतीत त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आकडा सुटा सांगावा, ‘सात, नऊ’, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा.

खाण्यापिण्याचेही तसेच. सकाळची उकड्या तांदळाची पेज ‘घेतली’ या नोंदीतून काहीच कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वाट्या, पेले आणि भांडी एकदाच मापून घ्या, पेल्यात किती मिलिलिटर मावते ते भिंतीवर लिहून ठेवा आणि ‘पेज अर्धी वाटी, पाणी पाऊण पेला’ असे लिहू द्या. पातळ पेज पाण्यात धरायची की जेवणात, हे एकदा ठरवून सर्वांनी तसेच करावे. लघवी मोजायची असेल आणि युरोबॅग (नळीतून आलेली लघवी साठवणारी पिशवी) नसेल, तर कोऱ्या डायपरचे वजन आधी करून ठेवावे. ओल्या डायपरच्या वजनातून ते वजा केले की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. दर दोन तासांनी कूस बदलण्याची जी पद्धत आहे, तिच्या रकान्यात बरोबरची खूण पुरेशी नाही. डावी, उजवी की उताणी, ते लिहावे. प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. लाल दिसल्यास बोटाने दाबून सोडावे. जागा फिकी होत नसेल तर परिचारिकेला तेव्हाच कळवायचे, सकाळपर्यंत थांबायचे नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही, तिथे बाजूच्या जागेपेक्षा गरम किंवा कडक लागते का, ते हाताने पाहावे.

वाळपईची मदतनीस

मी सहा वर्षे हे काम करत आहे, म्हणून आमची बाजू सांगते. लिहिता येत नाही म्हणून वही कोरी राहते, असे नेहमीच नसते. पूर्वी मी जिथे होते तिथे ‘आजोबा जमिनीवर आढळले’ असे खरे लिहिल्याबद्दल माझा त्या दिवसाचा पगार कापला गेला. ‘तू होतीस कुठे?’ हा एकच प्रश्न विचारला गेला. त्यानंतर त्या वहीत कोणीही कधी जमिनीवर आढळले नाही. ताई, आपल्याकडे तसे होत नसेल, पण मुलींनी कुठेतरी असे पाहिलेले असते आणि ती भीती घेऊनच त्या येतात. अपघाताचा अहवाल वेगळ्या कागदावर घ्यावा आणि तो दंडासाठी नाही, हे पहिल्या अहवालाच्या वेळी वागून दाखवावे. आम्ही बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, पगाराच्या पाकिटावर ठेवतो.

दुसरे कारण वेळेचे. नऊजणांची कूस बदलायची, डायपर बदलायचे आणि वही मात्र ऑफिसच्या टेबलावर. मग पहाटे पाच वाजता बसून सगळी रात्र आठवायची. काहीजणी त्याहून पुढे जातात आणि दोन, चार, सहा वाजताच्या खुणा अकरालाच करून ठेवतात. मीही केल्या आहेत, खोटे कशाला बोलू? एका रात्री ज्या आजींच्या चार वाजताच्या रकान्यात मी आधीच खूण केली होती, त्यांना पावणेचारला रुग्णवाहिकेने हलवावे लागले. ते पान अजून आठवते. आता आमच्याकडे प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी कागदाचा तक्ता आणि दोरीला बांधलेले पेन असते. तिथेच करायचे आणि तिथेच लिहायचे. पावसात वीज गेली तरी टॉर्चच्या उजेडात लिहिता येते.

चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला सही व वेळ. एखादी गोष्ट नंतर आठवली तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे म्हणून, लिहिण्याची वेळ आणि घडल्याची वेळ दोन्ही घालायच्या. दुसरीच्या नावाने कधीही लिहायचे नाही, ती कितीही जिवाभावाची असली तरी.

आणि बसची अडचण खरी आहे. पाळी सोपवायला पंधरा मिनिटे पगारी वेळेत धरली नाहीत, तर कोणीही थांबणार नाही. आम्ही दोघी मिळून प्रत्येक पलंगापाशी जातो, आधी ज्येष्ठांशी बोलतो, टीव्ही बंद करतो, आणि ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला उभ्या राहतो. त्यांच्या डोक्यावरून आपसांत बोललेले त्यांना समजते आणि लागते.

पणजीचा वाचक, पेशाने वकील

व्हॉट्सॲपबाबत थोडे लिहितो. तातडीने कोणाला बोलावण्यासाठी संदेश ठीक आहे, पण तो नोंद नव्हे आणि निरोप पोहोचल्याचा पुरावाही नव्हे. निळ्या खुणा दिसल्या म्हणून परिचारिकेने वाचून निर्णय घेतला असे होत नाही, तेव्हा फोन करावा. जखमांची छायाचित्रे गटावर टाकण्याची पद्धत तर आजच थांबवावी. ती प्रत्येकीच्या फोनमध्ये आपोआप साठतात, घरच्यांच्या हाती लागतात आणि नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीबरोबरही जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती आणि हेतू या दोन गोष्टींवर उभा आहे. कोणी परवानगी दिली आणि कशासाठी, याचे उत्तर निवासाकडे हवे.

वह्या किती काळ ठेवाव्यात, हा पुढचा प्रश्न येईलच. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे असतात आणि रुग्णाने अथवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. निवासाची वही म्हणजे डॉक्टरांचा कागद नव्हे, तरीही निदान तेवढी मुदत पाळावी, असा माझा सल्ला आहे.

फोंड्याची निवृत्त परिचारिका

वाळपईच्या बाईंनी लिहिलेले प्रत्येक व्यवस्थापकाने वाचावे. रात्री फोन करताना मुली घाबरतात आणि ‘जरा येऊन बघा’ एवढेच म्हणतात, त्यासाठी एक भर घालते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून आलेली आणि पुढे तिथल्या रुग्णालयांत रुजलेली एक चार पायऱ्यांची रीत आहे: आत्ता काय झाले आहे, या माणसाचे आधीचे काय, मला काय वाटते, मला काय हवे. तिसऱ्या पायरीवर मदतनीसाने रोगाचे नाव घेऊ नये, पण ‘त्या कालच्यासारख्या नाहीत’ हे अवश्य सांगावे. एका दिवसात अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती यामागे अनेकदा लघवीचा संसर्ग किंवा शरीरातले कमी झालेले पाणी असते, आणि तो बदल रोज पाज-भरव करणारीलाच आधी कळतो. फोन झाल्यावर ‘नेहमीपेक्षा वेगळे काय’ हे वहीत लिहायला विसरू नये.

बार्देशची देखरेखकर्ती

सर्वांची आभारी आहे. पलंगाच्या पायथ्याशी तक्ते लावून आज बारा दिवस झाले. पेले मापले तेव्हा कळले की ज्याला आम्ही सगळे ‘एक पेला’ म्हणत होतो ते तीन वेगवेगळ्या आकारांचे होते. पाळीची पंधरा मिनिटे पगारात धरायला समितीने मान्यता दिली आहे, पण महिनाअखेरीपर्यंत आणि प्रयोग म्हणून.

परवाच्या रात्रीची एक नोंद इथे देते. ही तीच मुलगी, जिची बस चुकत होती:

‘०२:१०. उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर. उजव्या खुब्यावर लाल, रुपयाच्या नाण्याएवढे, दाबल्यावर फिके होत नाही. आजी म्हणाल्या, “थंय लासता.” ०२:२० परिचारिकेला फोन, उचलला नाही. ०२:३५ उचलला. त्या बाजूवर निजवू नये असे सांगितले, मी परत म्हणून दाखवले.’

आजींची कातडी शाबूत राहिली. परिचारिका मात्र ‘उचलला नाही’ या दोन शब्दांवर नाराज आहे आणि ते खोडावे असा तिचा आग्रह आहे. काय करावे?

फोंड्याची निवृत्त परिचारिका

खोडू नये. नेहमीचा फोन लागला नाही तर कोणाला लावायचा, तो दुसरा क्रमांक आजच तक्त्याच्या माथ्यावर लिहा, आणि परिचारिकेला सांगा की ०२:३५ ला तिने फोन उचलला हेही त्याच नोंदीत आहे.