कॅम्पस पोलिसांकडे डिस्पॅचरची नोकरी: कोणी केली आहे का?

रेवा_सॅक्रामेंटो
नमस्कार. इथल्या एका विद्यापीठाच्या पोलीस खात्यात डिस्पॅचरची, म्हणजे मदतीचे फोन घेऊन रेडिओवरून पोलिसांना पाठवणाऱ्याची, जागा निघाली आहे. ग्रीनकार्ड आलंय, मुलगा चौथीत आहे, पुण्यात बँकेच्या कॉल सेंटरला काम केलेलं आहे, म्हणून अर्ज करावासा वाटतोय. नवरा म्हणतो, "फोनच तर उचलायचेत." सासूबाई म्हणतात, "पोलिसात? आपल्याकडे कोणी गेलंय का कधी!" बंदूक वगैरे बाळगावी लागते का? माझं इंग्रजी ठीक आहे, पण उच्चार आपले मराठीच, चालतात का? आणि कॅम्पसवर असं मोठं काय घडत असतं?

बापट_अण्णा
पगारापेक्षा पेन्शन बघा. सरकारी विद्यापीठ असेल तर डोळे झाकून अर्ज टाका. कॅम्पसवर आरामच असणार, रात्री मुलं अभ्यास करतात.

रात्रपाळी
अण्णा, रात्री मुलं काय करतात ते मला विचारा! :)

रेवा, मी कॅलिफोर्नियातच एका कॅम्पसवर हे काम करते. बंदूक नाही. पोलो शर्ट, हेडसेट, बिनखिडकीची खोली आणि समोर स्क्रीनच स्क्रीन: फोन, रेडिओ, नकाशा, कॉलची नोंद करायचं कॅड, शेजारी फायर अलार्मचं पॅनेल. कॅम्पस पोलीस म्हणजे सोसायटीचे वॉचमन असं आपल्या लोकांना वाटतं. तसं नाही. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) दहाही कॅम्पसना स्वतःचं पोलीस खातं आहे, अटकेचे पूर्ण अधिकार असलेलं.

आमचा पहिला प्रश्न "काय झालं" हा नसतो, "कुठे आहात" हा असतो. लाइन तुटली तरी गाडी पाठवता आली पाहिजे. कॅम्पसवर मदतीच्या फोनचे निळ्या दिव्याचे खांब असतात, तिथून फोन आला तर कुठला खांब ते लगेच दिसतं. मोबाइलचं लोकेशन म्हणजे नकाशावर एक वर्तुळ, त्यात कधी दोन होस्टेलं, आणि मजला बहुतेक वेळा कळत नाही. शिवाय मोबाइलवरून केलेला ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) कधी शहराच्या, कधी हायवे पेट्रोलच्या, म्हणजे महामार्ग पोलिसांच्या, केंद्रात जातो आणि तिथून आमच्याकडे जोडला जातो. आणि मुलांना पत्ता माहीतच नसतो! "ते मोठं झाड आहे ना, त्याच्या मागे", "बोबा मिळतो तिथून खाली". नोकरी लागल्यावर मी सुट्टीच्या दिवशी सगळा कॅम्पस पायी पालथा घातला, तळघरांची दारंसुद्धा बघून ठेवली. मॅन्युअलपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

काय घडतं? मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जळतं आणि पहाटे दोनला अख्खं होस्टेल पायजम्यात रस्त्यावर येतं. लिफ्टमधला फोन कोणीतरी पाठ टेकून दाबतं. लॅपटॉप चोरीला जातो. पिऊन पडलेल्या मुलाचे मित्र फोन करायला घाबरतात, त्यांना आधी धीर द्यायचा. आणि मधूनच खरा कॉल येतो: श्वास थांबलाय. वैद्यकीय कॉल आमच्याकडे अग्निशमन दलाच्या डिस्पॅचला जोडतात, पण आपण लाइन सोडायची नाही. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायला फोनवर सांगितलेलं असतं, तिकडचा मोठ्याने मोजत असतो, आणि त्याच वेळी ऑफिसरला कुठल्या दाराने आत शिरायचं ते रेडिओवर सांगायचं. नवऱ्याला म्हणावं, फोन उचलणं हा त्यातला सोपा भाग.

मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अँब्युलन्स पोचली की आपला कॉल संपतो. तो मुलगा वाचला का, हे बहुतेक वेळा आपल्याला कळतच नाही. आणि इतकं करून केंद्र सरकारच्या व्यवसाय-वर्गीकरणात आम्ही कार्यालयीन कर्मचारी! २०१८ साली नाव बदलून 'टेलिकम्युनिकेटर' केलं, रकाना तोच ठेवला.

उच्चारांची काळजी नको. सावकाश आणि ठाम बोललीस की पुरे. रेडिओवर मात्र ए म्हणजे अ‍ॅडम, बी म्हणजे बॉय. कॉल सेंटरची अक्षरं विसरावी लागतील.

भरती लांबते. लेखी परीक्षा, बोटांचे ठसे, जुन्या नोकऱ्यांची आणि शेजाऱ्यांची चौकशी. पुण्याच्या मॅनेजरचा चालू ईमेल आत्ताच शोधून ठेव. निवड झाली की राज्याचा किमान १२० तासांचा कोर्स, मग कित्येक महिने ट्रेनरच्या शेजारी बसून काम. नागरिकत्वाची अट खात्यागणिक बदलते, जाहिरात नीट वाच.

नाशिककर_आई
विषयाला सोडून विचारते, राग मानू नका. आमची लेक तिकडे एमएस करतेय. दोन दिवस फोन लागला नाही तर आम्ही इथून ९११ लावायचा का?

रात्रपाळी
राग कसला ताई, असे फोन आम्हाला येतातच, कारण तुमच्याकडे दुपार असते तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र. भारतातून ९११ लावून आमच्याकडे फोन येत नाही. विद्यापीठाच्या पोलिसांचा साधा दहा आकडी नंबर वेबसाइटवर असतो, तो अमेरिकेचा कोड लावून फिरवायचा आणि "वेलफेअर चेक" हवा म्हणायचं. लेकीचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, खोली नंबर किंवा पत्ता, आणि शेवटचं कधी बोलणं झालं, एवढं हाताशी ठेवा. ती कॅम्पसबाहेर भाड्याने राहत असेल तर ते काम शहर पोलिसांचं, तोही नंबर लिहून ठेवा. ऑफिसर जाऊन दार वाजवतो. ती सज्ञान आहे, त्यामुळे ती कुठे होती, कोणाबरोबर होती हे आम्ही तुम्हाला सांगणार नाही. "आईला फोन कर" एवढं मात्र तिला नक्की सांगतो. बहुतेक वेळा फोन सायलेंटवर आणि पोरगी गाढ झोपलेली असते. मग तिचा फोन येतो तो तुमच्यावर चिडूनच. चिडू द्या.

रेवा_सॅक्रामेंटो
बाप रे, केवढं लिहिलंस! रात्रपाळी कायमची असते का ग? मुलाचं काय करतेस?

रात्रपाळी
नव्यांना रात्रच मिळते, शिफ्टची निवड सीनियॉरिटीने होते. दिवाळी, थँक्सगिव्हिंग धरून चालायचं नाही. माझा नवरा सकाळी डबा करून मुलीला शाळेत सोडतो, तेव्हा मी नुकती झोपलेली असते. घरी हे आधी स्पष्ट बोलून घे. आणि अर्ज करण्याआधी त्या खात्याला फोन करून विचार, 'सिट-अलाँग' देतात का. बरीच खाती इच्छुकांना काही तास शेजारी बसून ऐकू देतात. शुक्रवारची रात्र माग.