परीक्षण की नुसता कथासार?

जुनीमिलचाळ: रविवारच्या एका पुरवणीत कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'चं परीक्षण वाचलं. सहा परिच्छेद. पाचांत गोष्ट, सहाव्यात 'प्रत्येकानं वाचावी अशी'. 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी, आणि तिच्या भाषेवर एक ओळ नाही! मला तर आधी भाषाच अडली. कोल्हापूरकडची बोली, आपल्या कानाला परकी. तीस पानांवर मिटलं पुस्तक. मग एका दुपारी आत्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिचं माहेर करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. गोधडीला टाके घालत ऐकत होती. धरणानं उठवलेल्या गावात मागं राहिलेल्या म्हशीचं आलं तशी सुई थांबली. "परत वाच," म्हणाली. परत वाचताना कळलं, ही भाषा भरभर डोळ्यांखालून घालायची नाहीच, तोंडानं म्हणायची आहे. परीक्षकानं हे सांगायला नको?

बाळीवेस_वाचक: अगदी. 'उद्या' या कादंबरीला 2020चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, लेखक नंदा खरेंनी तो नाकारला. माझ्या ओळखीत तो नकार सगळ्यांना पाठ, कादंबरी वाचलेला एक नाही.

नवीपेठ: आत्यांचं वाचून गलबलले, पण मुद्दा पटला नाही. परीक्षणाला जागा मिळते पाच-सहाशे शब्दांची. आपल्याकडं दुकानात पुढं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, नवी कादंबरी मागवावी लागते. पैसे घालण्याआधी विषय तरी कळू दे की! आणि आवृत्ती निघते हजाराच्या आतबाहेर. पहिल्याच महिन्यात कुणी 'मधली पानं रेंगाळतात' छापलं, तर ती कादंबरी तिथंच बसते.

जुनीमिलचाळ: विषय दोन ओळींत सांगून होतो, ताई. चादर घेताना आपण उलटी करून धागा बघतोच ना? रेंगाळत असेल तर कुठं रेंगाळते, ते लिहावं. लेखकानं चार-पाच वर्षं घातलेली असतात. त्याची नुसती पाठ थोपटणं म्हणजे त्याचं पुस्तक न वाचणंच.

नवीपेठ: चादर विणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुसरी विणता येते. पहिली कादंबरी पडली की कित्येकांची दुसरी येतच नाही, त्याचं काय? 'बोली अवघड' एवढंच छापून आलं असतं, तर मी 'रिंगाण'च्या वाटेला गेले नसते. आज मागवली, ती तुमच्या आत्यांची सुई थांबली म्हणून. सहाशे शब्दांत ते कुठून आणायचं?

जुनीमिलचाळ: पाच परिच्छेदांची गोष्ट काढा. तेवढ्या जागेत बसतं.