विषय: व्हॅनचे बटण आणि विमा अर्जातील रकाना ९

प्रेषक: ताई (कार्यवाह)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

व्हॅनच्या विम्याचा अर्ज शुक्रवारपूर्वी पाठवायचा आहे आणि मी रकाना ९ पाशी अडले आहे. ‘वाहनातील मूळ इमोबिलायझर कार्यरत आहे काय? नंतर काही विद्युत फेरफार केले असल्यास नमूद करावेत,’ असा तो रकाना आहे. नानांनी बटण बसवल्यापासून गाडी किल्लीविना सुरू होते, हे आपण सगळे जाणतोच. परंतु किल्लीविना सुरू होणाऱ्या गाडीतला इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहू न देणारी यंत्रणा, कार्यरत म्हणायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवावे. बॅटरी प्रकरणासारखी चाळीस पत्रे होऊ नयेत, ही विनंती.

प्रेषक: नाना

ताई, ‘हो’ लिहून टाका. कारखान्यातून आलेला इमोबिलायझर मी काढलेला नाही आणि त्याच्या तारेला कात्रीही लावलेली नाही. किल्लीचे बॅरल, म्हणजे किल्ली घालून फिरवायची नळी, जाम झाल्यामुळे दोघांच्या हातून किल्ल्या वाकल्या होत्या, म्हणून हे किट बसवावे लागले. फॉब, म्हणजे किटबरोबर आलेला छोटा रिमोट, खिशात असल्याशिवाय दार उघडत नाही आणि ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, म्हणजे पूर्वीपेक्षा सुरक्षितता वाढलीच आहे. उरलेली एकमेव मूळ किल्ली डॅशबोर्डखाली एका डबीत नीट ठेवलेली असल्याने ती हरवण्याची काळजीही कायमची मिटली.

प्रेषक: अण्णा (वाहतूक समिती)

नानांच्या हाताला जे कसब आहे त्याबद्दल शंका नाही, पण त्या डबीविषयी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

किल्लीच्या डोक्यात एक चिप असते आणि तिला स्वतःचा सेल नसतो. बॅरलभोवती तारेचे एक वेटोळे असते, ते साधारण १२५ किलोहर्ट्झवर चिपला शक्ती पुरवते, आणि गाडीचा संगणक तिला दर वेळी एक नवी संख्या पाठवून तिचे गुपित उत्तर मागतो. उत्तर चुकले की इंधनाचा पुरवठा बंद होतो. हा सगळा संवाद जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावरूनच होऊ शकतो, आणि चोराची खरी अडचण तीच आहे. युरोपीय संघाने १९९८पासून आणि कॅनडाने २००७पासून नव्या गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची केली. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या किल्लीने सुरू होणाऱ्या कित्येक गाड्या या चिपेविना विकल्या गेल्या. त्या गाड्या बॅरलचे आवरण तोडून आणि आतल्या खुंटीवर यूएसबी केबलचे टोक बसवून पळवता येतात, हे समाजमाध्यमांवरून पोरासोरांना कळले, आणि अखेर फेब्रुवारी २०२३मध्ये या दोन कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर करावी लागली.

आता आपली डबी पाहा. आत मूळ किल्ली आहे, किल्लीभोवती दुसरे वेटोळे आहे, आणि त्याची तार बॅरलच्या वेटोळ्याला जोडलेली आहे. गाडी प्रश्न विचारते आणि डबीतली किल्ली रात्री-अपरात्री, खिशात फॉब असलेल्या माणसाला आणि नसलेल्यालाही, इमानेइतबारे उत्तर देते. इमोबिलायझर कार्यरत आहे हे नानांचे म्हणणे शब्दशः खरे आहे, पण कुलूप जागेवर असून किल्ली त्यातच अडकवून ठेवलेली असावी, तसे ते खरे आहे.

नाना, दोन गोष्टी सांगा: डबीची तार कायम जोडलेली आहे की किटने फॉब ओळखल्यावरच एखाद्या रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, जोडली जाते? आणि स्टेअरिंग लॉकचे काय केले?

प्रेषक: वहिनी

अण्णांनी अंतराचा मुद्दा काढला म्हणून लिहिते. आमची गाडी तर कारखान्यातूनच बटणाची आली होती, तिच्यात कोणी काही बसवलेले नव्हते, आणि तरीही ती दारातून गेली. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात सगळे दिसले. एक जण आमच्या मुख्य दाराशी पिशवी छातीशी धरून उभा होता, दुसरा गाडीपाशी होता, आणि एका मिनिटात दिवे लागून गाडी निघून गेली. फॉब दाराच्या आत खुंटीवरच होता. विमा कंपनीच्या माणसाने मला तीनदा विचारले की किल्ली गाडीतच राहिली होती का.

तेव्हा कारखान्याचे ते सुरक्षित आणि नानांचे ते असुरक्षित, अशी वाटणी मला पटत नाही. आम्ही आता फॉब धातूचे अस्तर असलेल्या पाकिटात ठेवतो.

प्रेषक: अण्णा (वाहतूक समिती)

वहिनी, तुमचे म्हणणे योग्य आहे आणि त्याला आधारही आहे. झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०११मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेले तपासली होती, आणि त्या सर्वांवर ही युक्ती चालली. किल्ली ५० मीटरपर्यंत दूर आणि आड असतानाही गाडीची हाक तिच्यापर्यंत पोहोचवली की पुरे, कारण किल्लीचे उत्तर मुळातच तेवढ्या लांब जाते. यात संकेत फोडावा लागत नाही, तो कितीही पक्का असला तरी फक्त त्याचा प्रवास लांबवला जातो.

पण म्हणूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तुमच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला पिशवी घेऊन, जागता राहून, तुमची किल्ली कुठे आहे हे शोधून जे करावे लागले, ते आपण दीड हात तारेने आपल्याच व्हॅनमध्ये कायमचे करून ठेवले आहे. तुमच्या फॉबला पाकीट घालता येते. डबीतल्या किल्लीला पाकीट घातले तर गाडीच सुरू होणार नाही.

प्रेषक: नाना

अण्णा, स्टेअरिंग लॉकची खिट्टी मी काढली आहे. ती काढावीच लागते, कारण किल्ली न फिरवता गाडी सुरू झाली आणि वळणावर चाक अडकले तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा. हे मी लपवलेले नाही, मला कोणी विचारलेच नव्हते.

डबीच्या तारेसाठी किटमध्ये रिले नव्हता, त्यामुळे ती थेट जोडली आहे. परंतु चोराला डबी कुठे आहे हे कळायला हवे ना? डॅशबोर्डचा खालचा भाग उघडायला मला स्वतःला पाऊण तास लागला. शिवाय फॉबचा संकेत दर वेळी बदलतो, असे खोक्यावर छापले आहे.

प्रेषक: भाऊ

नाना, चोराला डबी शोधायची गरजच नाही; ती जिथे आहे तिथूनच त्याचे काम करते.

फॉबविषयी: काल ताईंकडून एक फॉब आणून उघडला. आतल्या आठ पायांच्या चिपवर ‘ईव्ही १५२७’ असे लिहिले आहे. ही चिप कारखान्यात एकदा कोरलेला २० बिटांचा क्रमांक पाठवते आणि आयुष्यभर तोच पाठवते. मी लॅपटॉपला रेडिओ रिसीव्हर लावून बटण पाच वेळा दाबले, तर पाचही लहरी एकावर एक ठेवल्यासारख्या जुळल्या. खोक्यावर काहीही छापलेले असो, हा संकेत बदलत नाही. वाहनतळात जवळ उभे राहून तो एकदा टिपला की पुढे कधीही वाजवता येतो.

बदलता संकेतही सगळे प्रश्न सोडवत नाही, हे ओघाने सांगतो. सुरक्षा संशोधक सॅमी कामकर यांनी २०१५मध्ये दाखवलेले उपकरण हवेत अडथळा आणून पहिली दाब अडवते आणि टिपून ठेवते, मालक वैतागून दुसऱ्यांदा दाबतो तेव्हा तीही टिपते, पहिली पुढे पाठवून दार उघडू देते आणि दुसरी, म्हणजे अजून न वापरलेली, स्वतःकडे ठेवते. पण आपल्या फॉबसाठी एवढी हुशारी कोणाला खर्च करावी लागणार नाही.

आणखी एक विचारायचे राहिले. या किटला मोबाइल अ‍ॅप आहे का?

प्रेषक: माजी अध्यक्ष

ही व्हॅन माझ्या कार्यकाळात घेतली गेली, तेव्हा तिच्या दोन्ही किल्ल्या स्वाक्षरी घेऊन दिल्या-घेतल्या जात असत आणि त्याची वही होती. वाहनात कोणताही बदल करण्यापूर्वी कार्यकारिणीचा ठराव लागतो, हा नियम आजही घटनेत आहे. ती वही कोठे आहे, हे कार्यवाहांनी कळवावे.

प्रेषक: नाना

भाऊ, अ‍ॅप आहे. माझ्या फोनवर घेतले आहे आणि खाते माझ्या ई-मेलवर आहे. पासवर्ड खोक्याच्या आतल्या चिकटपट्टीवर होता तोच आहे. थंडीत लांबूनच इंजिन सुरू करता येते, याचे सगळ्यांनी कौतुक केले होते, ते आता कोणाला आठवत नाही.

प्रेषक: भाऊ

मीही कौतुक केले होते, नाना, ते मागे घेत नाही. पण पासवर्ड आजच बदला. मार्च २०१९मध्ये पेन टेस्ट पार्टनर्स या संस्थेने वायपर आणि पँडोरा या दोन नावाजलेल्या गाडी-अलार्मच्या अ‍ॅप्समध्ये दाखवून दिले होते की दुसऱ्याच्या खात्यावरचा ई-मेल पत्ता बदलून खाते ताब्यात घेता येते, कारण ती विनंती कोणाकडून येते आहे हे सर्व्हर तपासतच नव्हता. दोन्ही मिळून ३० लाखांपर्यंत गाड्या त्यात सापडत होत्या. गाडी कुठे आहे ते दिसत होते, दारे उघडता येत होती, आणि एका प्रणालीत तर इंजिन बंदही करता येत होते. कंपन्यांनी चूक लगेच सुधारली, हेही खरे. पण त्या मोठ्या, नाव राखून असलेल्या कंपन्या होत्या. आपल्या किटच्या खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्तासुद्धा नाही.

प्रेषक: अण्णा (वाहतूक समिती)

पत्रांनी हे मिटणार नाही. समितीच्या कपाटात दार उघडण्यापुरती करून घेतलेली बिनचिपची किल्ली आहे. फॉब लांब ठेवून ती बॅरलमध्ये फिरवू. इंजिन धरून लगेच बंद पडले तर ‘हो’, चालू राहिले तर ‘नाही’. उद्या सायंकाळी सहा वाजता नाना आणि ताई दोघांनीही यावे. वाहनाचा विषय वाहतूक समितीचा आहे, त्यामुळे वहीबद्दलचे उत्तर मी स्वतंत्रपणे देईन.

प्रेषक: ताई (कार्यवाह)

काल झालेले लिहिते. दोन्हीपैकी माझ्याकडे असलेला फॉब घेऊन मी वाहनतळाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकापाशी जाऊन उभी राहिले. नाना चालकाच्या जागी बसले. बॅरल खरोखरच जाम आहे, त्यांना किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागली. डॅशबोर्डवरचा किल्लीच्या आकाराचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला, आणि इंजिन चालू झाले. अण्णांनी घड्याळ लावून दोन मिनिटे मोजली. ते चालूच राहिले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केले, वाकून खालचा भाग काढला (या वेळी पाऊण तास लागला नाही), डबीच्या तारेचा जोड सोडवला आणि तीच किल्ली पुन्हा फिरवली. इंजिनाने सेकंदभर धरले, एक आचका दिला आणि ते बंद पडले, आणि लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा तसेच झाले.

म्हणजे इमोबिलायझर अजून शाबूत आहे, आपणच त्याला गप्प केले होते.

प्रेषक: नाना

मान्य आहे. डबीच्या तारेत रिले घालतो, म्हणजे किटने फॉब ओळखल्यावरच जोड पूर्ण होईल. रविवारी करून देतो.

प्रेषक: भाऊ

त्याने बिनचिपची किल्ली आणि फोडलेले बॅरल अडेल, हा मोठा फायदा आहे. पण मग सगळी भिस्त त्या न बदलणाऱ्या २० बिटांवर येईल. तिजोरीची किल्ली लाकडी पेटीत ठेवून पेटीला कडी लावावी, त्यातलाच हा प्रकार होईल.

प्रेषक: वहिनी

एक सुचवू का? मूळ तक्रार किल्ली फिरत नाही ही होती, किल्ली बाळगावी लागते ही नव्हतीच. डबी काढून टाका. मूळ किल्ली चालकाने जवळ बाळगावी, ती बॅरलमध्ये नुसती सरकवावी म्हणजे चिप वेटोळ्यापाशी येईल, आणि इंजिन बटणाने सुरू करावे. किल्ली वाकणार नाही आणि चोराला फॉबचा संकेत मिळाला तरी चिप मिळणार नाही. फॉबने दार उघडेल, त्यामुळे आत काही ठेवू नये. अ‍ॅप मात्र बंद करावे.

प्रेषक: अण्णा (वाहतूक समिती)

वहिनींची सूचना समितीला मान्य आहे, आणि ती मला सुचली नाही याची खंतही आहे. दोन पुरवण्या जोडतो. चिपची दुसरी किल्ली आताच करून घ्यावी, कारण काही गाड्यांत नवी किल्ली शिकवायला दोन चालू किल्ल्या लागतात आणि आपल्याकडे एकच उरली आहे. आपल्या मॉडेलचे काय ते मी विचारून घेतो. स्टेअरिंग लॉकची खिट्टी नानांनी जपून ठेवली असेल अशी आशा आहे, पण बॅरल बदलेपर्यंत ती परत बसवता येणार नाही, म्हणून तोवर चाकाला बाहेरून लावायचा लोखंडी दांडा वापरावा.

प्रेषक: नाना

खिट्टी डब्यात आहे. डबी काल रात्रीच काढली, अ‍ॅपचे खातेही बंद केले. किल्ली ताईंकडे पोहोचवली आहे.

प्रेषक: ताई (कार्यवाह)

आभारी आहे. रकाना ९ मध्ये पुढीलप्रमाणे लिहून अर्ज पाठवला: ‘मूळ इमोबिलायझर कार्यरत. इंजिन सुरू करण्यासाठी व दारांसाठी बाहेरून घेतलेले बटणाचे किट बसवले आहे. स्टेअरिंग लॉक सध्या काढलेले असून त्याऐवजी दांडा वापरला जातो.’ विमा कंपनीला हप्ता वाढवायचा असेल तर वाढवू दे, पण दावा करण्याची वेळ आली तर या रकान्यावरून तो नाकारला जाऊ नये.

पावतीच्या वहीत दोन्ही फॉब लिहायला बसले, तर माझ्याकडे एकच आहे. नाना म्हणतात की दुसरा त्यांनी बसवल्याच्या दिवशीच दिला होता. तो कोणाकडे आहे?

प्रेषक: माजी अध्यक्ष

किल्ल्यांच्या वहीबाबत मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही. फॉब माझ्याकडे आहे.