घट बसतात, घट उठतात: नवरात्रातली क्रियापदं

आश्विन शुद्ध प्रतिपदेच्या विधीचं पोथीतलं नाव घटस्थापना. घरात मात्र ‘घट बसले’ असंच म्हणतात. मांडलेला घट एकच असला तरी बोलताना अनेकवचन: ‘तुमच्याकडे घट असतात का?’ आणि हा घट पुल्लिंगी. ‘उत्पन्नात घट झाली’ मधली स्त्रीलिंगी घट ‘घटणे’ या क्रियापदावरून आलेली, तिचा याच्याशी संबंध नाही.

खरी गंमत ‘बसणे’ मध्ये आहे. ‘गणपती बसवला’ म्हणजे मूर्तीची स्थापना केली. घटाच्या बाबतीत मात्र ‘देव घटी बसले’ असाही प्रयोग आहे, आणि मार्गशीर्षात खंडोबाच्या षड्रात्रालाही तोच वापरतात. म्हणजे बसतो तो देव. पुष्कळ घरांत देवीचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, विड्याच्या पानावर ठेवला की तो नवरात्र उठेपर्यंत जागचा हलवत नाहीत. एरवी रोज ताम्हनात घेऊन स्नान घालतात, या दिवसांत फुलानं पाणी शिंपडायचं, गंध-फूल जागच्या जागी वाहायचं. अनुष्ठानाला बसलेल्या माणसाला मध्येच उठवत नाहीत, तसंच हे. म्हणून माझ्या मते इथलं ‘बसणे’ हे ‘तपाला बसणे’ मधलं आहे. ‘स्थापना’ या शब्दात करणारे आपण असतो. ‘बसले’ म्हटलं की कर्तेपण देवाकडे जातं.

त्याची जोडी अर्थातच ‘उठणे’. कुळाचाराप्रमाणे कुणाचे घट नवमीला उठतात, कुणाचे दसऱ्याला. काही घरी ‘घट हलवले’ म्हणतात. यावरूनच उपवासाचा एक प्रकार ठरला: ‘उठता-बसता’. एरवी ‘उठता-बसता’ म्हणजे सारखं, सतत. नवरात्रात मात्र ‘मी उठता-बसता करते’ याचा अर्थ घट बसताना एक आणि उठताना एक, एवढेच उपवास. ज्यांना सगळे दिवस झेपत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय. प्रसंगानुसार अर्थ पार उलटा करणारे असे वाक्प्रचार कोशांत स्वतंत्रपणे नोंदवायला हवेत.

आता ‘माळ’. घटावर रोज फुलांची एक माळ सोडतात, आधीची काढत नाहीत. पहिली बऱ्याच ठिकाणी विड्याच्या पानांची, पुढे झेंडू, तिळाची, कारळ्याची फुलं, जे शेताबांधावर फुललं असेल ते. त्यामुळे माळ हे दिवस मोजायचं मापच झालं. ‘आज कितवी माळ?’, ‘पाचव्या माळेला ओटी भरायला या’. तिथी सांगायची गरजच उरत नाही. खाली पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती आणि त्यात मिसळलेलं धान्य. मातीच्या घटातून पाणी पाझरत राहतं, तिसऱ्या-चौथ्या माळेपर्यंत अंकुर दिसू लागतात आणि शेवटी फिकट पिवळ्या कोंबांची दाटी होते. दसऱ्याला हेच कोंब टोपीत, फेट्यात खोवतात. शेजारचा नंदादीप अखंड ठेवायचा. तेल संपून गेलाच तर ‘विझला’ म्हणायचं नाही, ‘शांत झाला’ म्हणायचं.

ही बोलण्याची रीत घरापुरती नाही. तुळजापूरला भवानीची मूर्ती चल आहे, ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवता येते. वर्षात तिच्या तीन निद्रा: नवरात्राआधी भाद्रपद वद्य पक्षात घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. यातला ‘श्रमनिद्रा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. महिषासुराशी लढून देवी दमली आहे, तिला विश्रांती हवी, हे त्या एका शब्दानं मान्य केलं आहे. पूजेच्या भाषेत देवतेचा थकवा इतक्या सरळपणे क्वचितच बोलला जातो.

राहता राहिला ‘नवरात्र’ की ‘नवरात्री’ हा वाद. संस्कृतात संख्यावाचक शब्दापुढे ‘रात्रि’ आला की समासात ‘रात्र’ होतो आणि नपुंसकलिंगी राहतो: नवरात्रम्. मराठीनं तोच घेतला. ते नवरात्र, नवरात्रात, देवीचं नवरात्र, चैत्रातलं नवरात्र. ‘नवरात्री’ हिंदी-गुजरातीतून आली, गरब्याच्या जाहिरातींनी रुळवली. गरब्याला ती शोभतेही. पण ‘आमच्या घरी नवरात्री बसते’ हे वाक्य कानाला खटकतं, कारण ‘बसणे’ हे क्रियापद तिच्याबरोबर आलेलंच नाही. ज्यांच्याकडे घट बसतात त्यांनी लिहिताना ‘नवरात्र’च लिहावं. तिथीचा क्षय होऊन एखाद्या वर्षी आठच माळा झाल्या, किंवा वृद्धी होऊन दहा झाल्या, तरीही त्याला नवरात्रच म्हणतात.